एक वर्षाच्या एमएस्सीचे पहिले सत्र

इंग्लंडमधल्या बिझनेस स्कूलमध्ये एक वर्षाच्या एमएस्सीसाठी येणाऱ्या मराठी मुलामुलींच्या घरातली सगळी तयारी व्हिसा हातात पडेपर्यंतची असते. वर्षाचा कस मात्र सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतच्या पहिल्या सत्रातच लागून जातो. याबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी हा अभ्यासक्रम लीड्समध्ये पूर्ण केला, पुढे इथेच नोकरीला लागले, आणि सांगली, कोल्हापूर, नाशिककडून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांशी माझा सतत संबंध येतो. थंडीशी, स्वयंपाकाशी, अनोळखी उच्चारांशी ही मुले लवकर जुळवून घेतात. त्यांची दमछाक होते ती वेळापत्रकापुढे, आणि त्याची कल्पना त्यांना निघण्यापूर्वी कोणीच दिलेली नसते.

ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांना ज्या योजनांतून घेतात, त्यांचे अर्ज पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी असले तरी आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच सुरू होतात. बऱ्याच योजना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंद होतात, आणि काही तर पुरेसे अर्ज आले की जाहीर केलेल्या तारखेआधीच बंद केल्या जातात. म्हणजे ज्या मुलाचे अजून बँकेत खाते उघडलेले नाही, ज्याने फायनान्सचे पहिले व्याख्यानही ऐकलेले नाही, त्याने त्याच आठवड्यांत आकडेमोडीच्या ऑनलाइन चाचण्या द्यायच्या, कॅमेऱ्याकडे बघत मुलाखतीची उत्तरे रेकॉर्ड करायची, आणि अर्जातल्या ‘तुम्हाला आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप, म्हणजे कामाच्या व्हिसासाठी कंपनीने घ्यायची जबाबदारी, लागेल का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर द्यायचे, जिथे अनेक कंपन्यांचा रस्ता संपतो. वर्षभर शिकू, शोधनिबंध देऊ आणि मग निवांत नोकरी शोधू, असा हिशेब घरी मांडलेला असतो. तो नोव्हेंबरमध्येच कोलमडतो.

त्यात नियमही आता आवळत चालले आहेत. शिक्षण संपल्यावर इथे राहून नोकरी शोधता यावी म्हणून जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ग्रॅज्युएट व्हिसावर मास्टर्स झालेल्यांना २ वर्षे राहता येत होते. १ जानेवारी २०२७ पासून जे या व्हिसासाठी अर्ज करतील त्यांना १८ महिनेच मिळतील. कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण वार्षिक पगार जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाला आहे. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी ती मर्यादा ३३,४०० पौंड आहे, पण लंडनबाहेर सुरुवातीला तेवढा पगार देणाऱ्या जागा शोधाव्या लागतात. आपल्याकडे शैक्षणिक कर्जासाठी राहते घर तारण ठेवण्यापूर्वी हे आकडे कुटुंबाने एकत्र बसून वाचले पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते. प्रवेश मिळवून देणारे कन्सल्टंट शहराची छायाचित्रे दाखवतात आणि फीची मुदत सांगतात; सप्टेंबरमध्येच अर्ज करावे लागतात हे त्यांच्यापैकी फार थोडे जण सांगतात.

आता वर्गाविषयी. पालकांना ऐकून आश्चर्य वाटते, पण आमच्या वर्गात ब्रिटिश विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकी सगळे चीन, नायजेरिया, थायलंड आणि भारत इथून आलेले. त्यामुळे अडचण ब्रिटिश मुलांमध्ये मिसळण्याची नसते, ती असते मुख्यतः सेमिनारमध्ये बोलण्याची. व्याख्यानाला शंभर-दोनशे मुले असतात, तिथे गप्प बसले तरी चालते. सेमिनारला वीस-पंचवीस जण असतात, आधी वाचून यायचे असते, आणि जो बोलत नाही त्याने वाचलेले नाही असे सरळ धरले जाते. प्रत्यक्ष उदाहरणांवर चर्चा करून व्यवस्थापन शिकवण्याची ही पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलने रुजवली, आणि १९६१ मध्ये अहमदाबादचे आयआयएम हार्वर्डच्याच सहकार्याने सुरू झाले, त्यामुळे ती भारताला परकी आहे असे कोणी म्हणू नये. पण आपल्या बहुसंख्य बी.कॉम., बीबीएच्या वर्गांपर्यंत ती कधी पोहोचलीच नाही. तिथे ‘आयएमपी’ प्रश्नांवर खुणा करून, मुद्द्यांखाली रेघा ओढून परीक्षा दिल्या जातात, आणि वर्गात मध्येच बोलणारा मुलगा आगाऊ ठरतो.

एका सेमिनारचे मात्र मला मुद्दाम सांगायचे आहे. लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये १८८४ साली मायकेल मार्क्स या, आजच्या बेलारूसमधून आलेल्या ज्यू निर्वासिताने एक गाळा मांडला. त्याला इंग्रजी जेमतेम येत असे, आणि ‘भाव विचारू नका, सगळे एका पेनीला’ हा त्याच्या व्यवसायाचा मंत्र होता. थॉमस स्पेन्सर १८९४ मध्ये भागीदार झाला आणि त्यातून मार्क्स अँड स्पेन्सर ही ब्रिटनमधली मोठी दुकानांची साखळी उभी राहिली. आम्हाला आधी त्या बाजारात जाऊन यायला सांगितले होते, आणि मग वर्गात प्रश्न आला की एकच किंमत ठेवल्याने नेमके काय बदलले. बहुतेकांनी ग्राहकाची सोय, स्वस्ताई, जाहिरात अशी अपेक्षित उत्तरे दिली. आमच्या वर्गात सांगलीचा एक मुलगा होता, ज्याच्या वडिलांचे भुसारी मालाचे दुकान आहे. तोवर तो क्वचितच बोलला होता. तो म्हणाला की घासाघीस संपली की गल्ल्यावर मालकाने स्वतः बसण्याची गरज उरत नाही, नवखा नोकरही गाळा सांभाळू शकतो, म्हणून दुसरा आणि तिसरा गाळा काढता येतो. पण मग सगळी हुशारी विक्रीतून खरेदीत जाते, कारण पेनीच्या आत पडणारा माल शोधत राहावे लागते. आणि महागाई आली की हाच नियम गळ्याशी येतो. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या कंपनीला पेनीची मर्यादा सोडावी लागली, हे सरांनी नंतर सांगितले. उरलेला तास त्या मुलाच्या मुद्द्यावर चालला.

हे ज्ञान त्याला कोणत्याही रीडिंग लिस्टमधून मिळालेले नव्हते. आपल्या पेठांमध्ये, अडत्यांच्या गाद्यांवर, घरच्या उधारीच्या वह्यांमध्ये जे वाढले आहेत, त्यांच्याकडे व्यवहाराची असली समज भरपूर असते. ती बोलून दाखवण्याची सवय आणि मुभा त्यांना आपल्या महाविद्यालयांनी दिलेली नसते. मला या गोष्टीचे मनापासून वाईट वाटते, कारण असे कितीतरी जण पहिले सत्र मान खाली घालून टिपणे घेण्यात घालवतात, आणि आपल्याला काही येत नाही असा समज घेऊन डिसेंबरला पोहोचतात.

मग निबंधांचे गुण येतात. इथे ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असते, आणि ७० च्या वर गुण सहजासहजी दिले जात नाहीत. दहावीला ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन धरणाऱ्या घरात ६२ हा आकडा ऐकून फोनवर शांतता पसरते. खरे तर पहिल्या निबंधाला ६२ मिळणे ही समाधानाची बाब आहे. त्या निबंधात फायदे-तोटे ओळीने मांडून चालत नाही. तुमचे मत काय, ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि विरुद्ध पुराव्याचे तुम्ही काय केले, हे तीन हजार शब्दांत दाखवावे लागते, आणि प्रत्येक उसन्या विचाराचा उगम नोंदवावा लागतो. हे कौशल्य एका सत्रात जेमतेम अंगवळणी पडते.

पार्ट टाइम कामाबद्दल माझे मत कदाचित पटणार नाही, तरी सांगते. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करता येते, आणि मास्टर्सच्या मुलांना उन्हाळ्यात शोधनिबंध चालू असताना हीच मर्यादा लागू राहते, हे अनेकांना माहीत नसते. पण पहिल्या सत्रात हे २० तास पूर्ण भरू नयेत. रात्री बारापर्यंत गोदामात खोकी उचलून सकाळी नऊच्या सेमिनारला बसलेले चेहरे मी पाहिले आहेत. पहिल्या तीन-चार महिन्यांचे भाडे आणि जेवण यांची सोय घरून झाली, तर मुलाला अर्ज आणि अभ्यास या दोहोंना वेळ देता येतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी एक वर्ष थांबून, भारतातच नोकरी करून, थोडी शिल्लक टाकून निघावे, असे मी स्पष्टपणे सुचवते.

पालकांनाही एक विनंती आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले अंतर साडेचार तासांचे साडेपाच होते. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे इथले दुपारचे साडेतीन, मुलगा वर्गात किंवा ग्रुपच्या बैठकीत असण्याची वेळ. डिसेंबरमध्ये पावणेचारला सूर्य मावळतो, आणि त्या अंधारात मनही लवकर खचते. अशा वेळी ‘नोकरीचे काही झाले का’ हा प्रश्न रोज विचारू नका. रविवारी निवांत फोन करा, त्या आठवड्यात वर्गात काय चर्चा झाली ते विचारा, आणि त्याला आपल्या दुकानातल्या, शेतातल्या, कचेरीतल्या व्यवहाराबद्दल बोलू द्या.

आणि जे येत्या सप्टेंबरात निघणार आहेत, त्यांनी जून ते ऑगस्ट हे महिने वाया घालवू नयेत. सीव्ही एका पानात बसवून ठेवावा, आकडेमोडीच्या चाचण्यांचा सराव करावा, स्पॉन्सरशिप देणाऱ्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरून उतरवून आपल्या क्षेत्रातल्या कंपन्या निवडाव्यात, आणि पहिले अर्ज विमानात बसण्यापूर्वीच भरावेत. आम्ही काही जुने विद्यार्थी जुलैपासून शनिवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ऑनलाइन सराव सेमिनार घेणार आहोत: एखाद्या व्यवसायाचे प्रत्यक्ष उदाहरण आधी वाचून यायचे, आणि प्रत्येकाने निदान दोनदा बोलायचे. शुल्क काही नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले गाव आणि अभ्यासक्रम मला मेसेजमध्ये कळवावा.