खुलासा : 'तंद्री' लागायला झोप यावी लागत नाही

आमच्या दापोली-हर्णै भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'तंद्री हा शब्द मुळात झोपेचा. विचारात गढलेल्या माणसाला तो लावणं अशुद्ध, विचारमग्नच म्हणा.'

मुळाबद्दलचं म्हणणं खरं आहे. संस्कृतात तन्द्रा म्हणजे पेंग, आळस. हिंदीत आजही तेच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं 'अतन्द्रितः' म्हणजे आळस न करता. पण म्हणून मराठी चुकली कशी? मराठीत तंद्रीला पेंगेचा अर्थ आहेच, शिवाय मन एका जागी इतकं गुंतणं की आजूबाजूचं भान राहू नये, हाही अर्थ केव्हाच रुळलाय.

हर्णै बंदरात जाळं शिवत बसलेला माणूस बघा. तुटलेल्या आसावर (जाळ्याच्या विणीतल्या चौकोनावर) गाठ पडतेय, दोरा ताणला जातोय, शेजारी लिलावाचा गलका, आणि कोणी "काका, होडी लागली" म्हणून दोनदा ओरडलं तरी मान वर नाही. हा पेंगतोय? पेंगणाऱ्याच्या हातून गाठ बसेल का? औषधाने येते ती गुंगी, जेवल्यावर लागते ती डुलकी. याची लागलीय ती तंद्री. (फारसीत 'गुंग' म्हणजे मुका. आपण खुशाल गाण्यात गुंग होतो. तेही अशुद्ध ठरवणार?)

'विचारमग्न' चांगलाच शब्द, लेखात शोभतो. पण त्याला विचार लागतातच. तंद्री नुसती भरती बघतानाही लागते. शिवाय ती मोडते, भंगते. 'माझी विचारमग्नता मोडलीस' असं घरात कोण बोलतं?