आगरकर आठवले

एका लेखात वाचलं की खरं बोलणारा एकटा पडतो पण मनाने सुखी असतो, एकदम पटलं आणि समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरच डोळ्यासमोर आले. एमएच्या वेळी आईला पत्रात कळवून टाकलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की बास. 1887 ला केसरीचं संपादकपद सोडलं, पुढच्या वर्षी सुधारक हे स्वतःचं वृत्तपत्र काढलं आणि त्यांच्या सुधारकी मतांवर चिडून पुण्यातल्या लोकांनी माणूस जिवंत असताना त्याची प्रेतयात्रा काढली हो! वर दम्याने जीव बेजार, तरी लिहिणं चालूच, 1895 ला गेले तेव्हा चाळिशीसुद्धा नव्हती. आम्हाला शाळेत फक्त टिळक-आगरकर वाद, तोही दोन मार्कांपुरता, ते पत्र मुलांना पूर्ण वाचायला द्या ना.