नगरसेवकपद हुकलं? राज्यसभा आहे ना!

नाशिकच्या सिडकोतून नगरसेवकपदाला पडलात, हरकत नाही. पत्रकं वाटलीत, मंडळांना वर्गण्या दिल्यात, नळाला पाणी कमी दाबानं येतं म्हणून बायाबापड्यांच्या शिव्याही खाल्ल्यात. चूक एवढीच झाली, की तुम्ही थेट लोकांकडे मत मागायला गेलात. लोकांना वगळून निवडून येण्याची सोय राज्यघटनेनं करून ठेवलीय, तिचं नाव राज्यसभा.

वयाची अट 30 वर्षांची. तुमचे गुडघेच ती पूर्ण झाल्याचा दाखला देतील. अनामत 10 हजार, म्हणजे मुंबई नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लावले होतेत त्याहूनही कमीच. सूचक म्हणून 10 आमदारांच्या सह्या. आणि रहिवासाची तर काळजीच नको. नाव राज्यसभेचं, पण 2003 साली कायदा बदलला आणि उमेदवार त्याच राज्यातला मतदार असण्याची अट गेली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. म्हणजे तुम्ही झारखंडातून जा, आणि महाराष्ट्राच्या 19 जागांपैकी एखादीवर असा कुणी येईल ज्याला रामकुंड कुठल्या काठावर आहे हेही ठाऊक नाही. कुणी विचारणार नाही.

आता मतांचं गणित, इथे नीट लक्ष द्या. मतदार फक्त आमदार. जून 2022 मध्ये आपल्याकडे 6 जागा होत्या आणि उमेदवार 7. वैध मतं 284. त्याला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे 7 नं भागा, अपूर्णांक सोडा, 1 मिळवा: आले 41. नाशिक जिल्ह्यातले 15 च्या 15 आमदार खिशात घातलेत तरी 26 कमीच. तेव्हा बसचं आणि हॉटेलचं भाडं धरून ठेवा.

मतदान गुप्त नसतं. आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेनानं पसंतीचा आकडा लिहायचा आणि मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. पण दाखवायचीही रीत असते बरं! त्याच निवडणुकीत आपल्याच नांदगावच्या आमदारांच्या दाखवण्यावर आक्षेप आला, निवडणूक आयोगानं मत बाद केलं आणि निकालाला पहाट उजाडली. 285 मतांत एकच बाद, तेही नाशिक जिल्ह्याचं. जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं ते असं.

(नाशिकनं 1963 साली लोकसभेवरही एकाला बिनविरोध पाठवलं होतं. पण ते यशवंतराव चव्हाण होते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.)

आत गेल्यावर काम काय? गोदेच्या पुरात नाशिकचा दुतोंड्या मारुतीचा पुतळा करतो तेच. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, हे त्याच्याकडे बघून अख्ख्या गावाला कळतं. पाणी थांबवणं त्याच्याकडे नाही. धन विधेयक, म्हणजे करांचं नि सरकारी पैशांचं विधेयक आलं, की तुम्ही 14 दिवसांत ते परत धाडायचं, हव्या तर सूचना जोडायच्या. त्या घ्यायच्या की गोदेत सोडायच्या ते लोकसभा ठरवते. विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे ठरवतात तेही लोकसभेचेच अध्यक्ष. घटनादुरुस्तीचं मात्र तसं नाही. तिथे संयुक्त बैठकीची पळवाट नाही, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं दोन तृतीयांश मत लागतं. त्या आठवड्यात तुमचा भाव निर्यात उघडल्यावरच्या लासलगावच्या कांद्यासारखा चढेल. फोन बंद ठेवू नका.

कांद्याचं निघालंच म्हणून सांगतो. निफाडचे शेतकरी भेटायला येतील आणि निर्यातबंदीवर तुम्ही काय केलंत म्हणून विचारतील. खरं तेच सांगा: 8 डिसेंबर 2023 ची बंदी अधिसूचनेनं आली, सभागृहात कुणी हात वर करायची वेळच आली नाही. एवढं सांगून चहा मागवा.

मुदत पक्की 6 वर्षांची. लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा कधीच नाही; दर 2 वर्षांनी एक तृतीयांश मंडळी तेवढी निवृत्त होतात. वर दरसाल 5 कोटींचा खासदार निधी, निवडून आलेल्या राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात खर्चायला मोकळा. सिडकोतून कुणी कमी दाबाच्या पाण्याची तक्रार घेऊन आलंच, तर शांतपणे ऐकून घ्या आणि नगरसेवकाचा नंबर द्या.