काकांची उंची किती?

गेल्या पावसाळ्यात लावणी आटपून आठवडा झाला नाही तोच आमचे काका तापाने पडले. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, निघाला. पाचव्या दिवशी फुप्फुसांत पाणी भरलं, व्हेंटिलेटर लावावा लागला आणि डॉक्टरांनी घरच्यांना 'एआरडीएस' हा शब्द सांगितला, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन रक्तात पुरेसा ऑक्सिजन न जाणं. मी बेलफास्टमध्ये आयसीयूत नर्स आहे, म्हणून चुलतभावाने फोन केला तो मलाच. माझ्याकडे रात्रीचे दोन, सिंधुदुर्गात साडेसहा.

"ताई, बाहेर एक माणूस भेटलाय. नाळेतल्या स्टेम सेल देतात म्हणतो. एका डोसचे तीन लाख. तुमच्याकडे तर सर्रास देत असतील ना? खालचा मळा विकायला काढू का?"

मी सांगितलं, आमच्याकडे देत नाहीत. कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाहीत. त्याला वाटलं, मी टाळतेय.

या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, यांच्यामागची कल्पना खोटी नाही. त्यांचं नवं फुप्फुस बनत नाही. शिरेतून सोडल्या की त्यातल्या बऱ्याच फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात, आणि तिथे बसून दाह शांत करणारी द्रव्यं सोडतात. प्राण्यांवरचे निकाल खरोखर आशा लावणारे होते. म्हणून तर माझ्याच शहरातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या पुढाकाराने कोविडच्या एआरडीएसवर चाचणी झाली. ६० रुग्ण घेतले. निम्म्यांना ४० कोटी पेशी, निम्म्यांना नुसतं सलाईनसारखं द्रावण. कोणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. २०२३ साली निकाल छापून आला: पेशी सुरक्षित होत्या, पण सातव्या दिवशी ऑक्सिजनच्या मोजमापात फरक नव्हता. अमेरिकेतल्या २०१९च्या चाचणीतही मृत्यू कमी झाले नाहीत. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर त्यांतल्या ३६ ते ८५ टक्केच जिवंत निघाल्या, हेही तिथे दिसलं. म्हणजे एखाद्या पिशवीतल्या जवळजवळ दोनतृतीयांश पेशी मेलेल्या. आणखी एका मोठ्या चाचणीत ३०० रुग्ण घ्यायचे होते. जीव वाचण्याची चिन्हं दिसेनात म्हणून डिसेंबर २०२० मध्ये २२२वर ती थांबवली.

आपल्याकडेही नियम आहेत. रक्ताशी संबंधित ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचा, असं आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय सरकारी संस्थेने, २०१७ साली स्पष्ट लिहिलं आहे. तरी तो माणूस आयसीयूच्या बाहेर उभा होताच.

भाऊ म्हणाला, "माणूस जातोच आहे, मग करून बघायला काय हरकत?" घरच्या प्रत्येक चर्चेत हा प्रश्न येतो, आणि मी तो हलक्यात घेत नाही. इथे बेलफास्टमध्ये आयसीयूचं बिल घरच्यांच्या हातात पडत नाही, त्यामुळे बाहेर कोणी विकायला उभं राहत नाही. मला 'नाही' म्हणायला सोपं जातं. मळा माझ्या नावावर असता आणि आत माझे बाबा असते, तर मीही कदाचित विचारलं असतं. अमेरिकेतही कोविडमध्ये असल्या पेशी विकणारे दवाखाने निघालेच होते, तिथल्या औषध प्रशासनाला त्यांना नोटिसा द्याव्या लागल्या. लोभ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

"आपल्याकडे अभ्यासाला वेळ कुठे आहे?" असंही लोक म्हणतात, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. २०२० साली आयसीएमआरने कोविडवर प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, चाचणी केली. ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्ण तीन महिन्यांच्या आत जमवले. इथे ६० रुग्ण जमवायला किती यातायात होते ते मी बघितलंय. ऑक्टोबरमध्ये निकाल छापून आला: उपयोग नाही. आणि पुढच्या एप्रिलमध्ये माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पुणे, मुंबई, नाशिकहून दिवसरात्र 'ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट' येत होतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत होते, नातेवाईक वणवण फिरत होते. प्लाझ्मा उपचारांच्या अधिकृत यादीतून निघाला तो मे २०२१ मध्ये. उत्तर आपणच शोधलं होतं, जगातल्या बहुतेकांच्या आधी, आणि आपल्याच माणसांपर्यंत ते पोचवलं नाही. याचा मला आजही राग येतो.

त्या रात्री मी भावाला विचारलं, "काकांची उंची किती?" तो चिडला. पण व्हेंटिलेटरचा श्वास वजनावर नाही, उंचीवर ठरतो. आम्ही झोपलेल्या माणसाला टेप लावून मोजतो. २००० साली हे सिद्ध झालं: मोठ्या श्वासाऐवजी, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला ६ मिलीचा छोटा श्वास दिला तर मृत्यू जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१वर येतात. काका पाच फूट चार इंच, म्हणजे साधारण ३५५ मिली. मी स्क्रीनचा फोटो मागवला. ३५० होतं. तिथल्या डॉक्टरांनी अचूक लावलं होतं.

मग विचारलं, पालथं घालतात का? दिवसातले १६ तास रुग्णाला पालथं ठेवलं तर मृत्यू निम्म्याने कमी होतात, हे फ्रान्समधल्या २०१३च्या चाचणीत दिसलं. आम्ही पाचजण लागतो. एकाने डोक्याशी नळी धरायची आणि आकडे मोजायचे, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी चादर घट्ट गुंडाळून तीनला वळवायचं. भाऊ आत विचारून आला. रात्रपाळीला चार पेशंटमागे एकच सिस्टर होती. पालथं घालायला माणसं सकाळीच मिळत. त्या तीन लाखांत आणखी एक सिस्टर कितीतरी महिने ठेवता आली असती, पण तशी सोय घरच्यांना कोणी देऊ केली नव्हती.

मळा विकला नाही. काका एकोणिसाव्या दिवशी गेले.

सप्टेंबरात घरी गेले तेव्हा पडवीत बसून भावाने विचारलं, "ताई, तेव्हा दिलं असतं तर?" एका माणसाबद्दल असं कोणालाच सांगता येत नाही, हे मी त्याला सांगितलं. बेलफास्टच्या ६० जणांचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, निम्म्यांना नुसतं द्रावण दिलं तेही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना अशा चाचणीत घेतलं असतं तर मी सही केली असती. पण कोणी विचारलंच नाही."