क्रीडा संकुलाच्या ‘५ कोटीं’बद्दल खुलासा

तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतंय: ‘क्रीडा संकुलाला ५ कोटी आले, तरी इनडोअर हॉलचं वीजबिल थकलं. पैसे खाल्ले!’

बिल थकलंय, हे खरं. पण २०२२ मध्ये राज्य सरकारनं तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी केली; ती मर्यादा आहे, खात्यात पडलेली रक्कम नव्हे. शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर आहे, वाचून घ्या. अनुदान बांधकाम आणि सुविधांसाठी असतं. वीज, पाणी, चौकीदार हे समितीनं फी-भाड्यातून भागवायचं. खरी अडचण तिथेच आहे: एवढा मोठा हॉल बॅडमिंटनच्या फीवर चालत नाही, अन् फी वाढवली तर कापूस वेचणाऱ्यांची पोरं कबड्डीच्या मॅटवर येणारच नाहीत.

हिशेबाची शंका असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, मी लिहून देतो. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हे टाका.