सामंजस्य करार झाला, पण मुले जाणार कशी?

परदेशी विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा सामंजस्य करार झाल्याची बातमी छायाचित्रासह वर्तमानपत्रात झळकली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयात मुले हमखास विचारतात, ‘सर, आता आपल्याला जाता येईल का?’ खरे उत्तर असे आहे, की अशा कार्यक्रमासाठीची विद्यापीठाची पात्रता त्या छायाचित्रावर कमी आणि आपल्या परीक्षा विभागावर जास्त अवलंबून असते.

उदाहरण म्हणून १९८७ साली सुरू झालेला युरोपीय संघाचा ‘इरॅस्मस’, म्हणजे आजचा ‘इरॅस्मस प्लस’, घेऊ. युरोपातील विद्यापीठाला त्यात सहभागी होण्यासाठी युरोपीय आयोगाकडून एक सनद मिळवावी लागते. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याकडून शिकवणी शुल्क घेणार नाही, आणि आपला विद्यार्थी बाहेर जे शिकून आला त्याचे श्रेयांक (क्रेडिट) मान्य करू, अशी हमी त्या सनदेत असते. भारतातील विद्यापीठाला ही सनद मिळत नाही आणि लागतही नाही. मात्र सनदधारक विद्यापीठाबरोबर लेखी करार करून तीच तत्त्वे पाळण्याचे बंधन स्वीकारावे लागते. निधीसाठी अर्ज तिकडचे विद्यापीठ करते, त्यामुळे भागीदार निवडताना ते चोखंदळ असते, आणि त्यात गैर काही नाही.

विद्यार्थी जाण्यापूर्वी त्याचा अभ्यास करार होतो. त्यात एका तक्त्यात तो तिकडे कोणते विषय घेणार ते लिहायचे, आणि दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय पूर्ण झाले असे धरणार ते लिहायचे. खाली विद्यार्थ्याची आणि दोन्ही विद्यापीठांची सही. आपले घोडे पेंड खाते ते या दुसऱ्या तक्त्यात. युरोपात वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तास. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला ४० श्रेयांक आणि १२०० तास. वर्षाच्या हिश्श्याने मोजले तर तिकडचे ३० म्हणजे आपले २०, पण तासांनी मोजले तर हिशेब जुळत नाही. यातला कोणता हिशेब धरायचा, हे ठरवून लिहून ठेवणारा ठराव नसेल, तर मुलगा परत आल्यावर त्याची गुणपत्रिका या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि शेवटी ‘राहिलेले पेपर द्या’ असे सांगितले जाते.

त्यात वेळापत्रकाची भर. तिकडचे शरद सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. आपले विषम (पहिले, तिसरे, पाचवे) सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि हिवाळी परीक्षा त्याच्या अधेमध्ये येते. निकाल लांबले, तर अर्जासोबत जोडायला मागील सत्राची गुणपत्रिकाही हाताशी नसते.

‘आपल्याला नॅकचे गुण कमी, म्हणून जमत नाही’ हे कारण मी अनेकदा ऐकले आहे. नॅक म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात स्थान अशी अट आहे खरी, पण ते विनियम ट्विनिंग (काही शिक्षण इकडे, काही तिकडे), संयुक्त आणि दुहेरी पदवीपुरते आहेत. एका सत्रासाठी मुले पाठवायची असतील, तर त्या अटीआड लपण्याचे कारण नाही. आयोगाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आंतरराष्ट्रीय कक्ष सुचवला आहे. आपल्याकडे अशा कक्षाचा कार्यभार बहुधा त्याच प्राध्यापकाकडे जातो, ज्याच्याकडे आधीच राष्ट्रीय सेवा योजना, नॅकचा अहवाल आणि निवडणुकीचे काम असते.

देवाणघेवाण म्हटली की कोणीतरी इकडेही यायला हवे. परदेशी पाहुणा वसतिगृहात उतरला तर चोवीस तासांच्या आत प्रशासनाला कळवावे लागते, इतकी साधी तयारीही करावी लागेल. पण विदर्भात यावे असे काही नाही, हे मला मान्य नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी शिकून गेले आहेत. सेवाग्राम, लोणारचे सरोवर, मेळघाट आणि कोरडवाहू कापूस यांचा अभ्यास इथे येऊनच करावा लागतो.

माझी खरी तक्रार संलग्न महाविद्यालयांविषयी आहे. करारावर सही विद्यापीठाची असते आणि सूचना फिरते ती परिसरातील पदव्युत्तर विभागांत. बहुसंख्य पदवीचे विद्यार्थी मात्र दारव्हा, दर्यापूर, आर्णीसारख्या गावांतील महाविद्यालयांत शिकतात. म्हणून विद्या परिषदेने दोन ठराव करावेत: श्रेयांक रूपांतराचा तक्ता अभ्यास मंडळांनी आधीच मंजूर करून ठेवावा, आणि यापुढील प्रत्येक करारात ‘संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी’ हे शब्द स्पष्ट घालावेत. आपल्या भागातील जे अधिसभा (सिनेट) सदस्य ही पोस्ट वाचत असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत हा प्रश्न लेखी विचारावा. मसुदा मी करून देईन.