भाषण लिहून देणाऱ्यांनो, आधी त्या गावात जाऊन या

आज 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी तालुक्याच्या ठिकाणी झेंडावंदनाला गेलो होतो. रात्रभर पाऊस लागलेला, मैदानात घोट्याएवढा चिखल, शाळेची लेकरं भिजत उभी. आणि साहेबांनी फोल्डर उघडून वाचलं, "यंदा समाधानकारक पर्जन्यमान झाल्यामुळे शेतकरी बांधवांमध्ये आनंदाचे वातावरण आहे."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं चार एकर सोयाबीन पाण्यात आहे. शेंगांना कोंब फुटलेत. पहाटे बांध फोडून पाणी काढून तो तसाच इकडं आला होता, झेंडावंदन चुकू नये म्हणून. पायजम्याला शेतातला चिखल तसाच. त्यानं ते वाक्य ऐकलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काहीच बोलला नाही. मला मात्र तिथं उभं राहवेना.

ते गेल्या वर्षीचं भाषण होतं, दुसरं काही नाही. तारीख बदलली, साहेबांचं नाव बदललं, प्रिंट काढली. मला ते पहिल्या परिच्छेदातच कळलं, कारण नोकरीतली बरीच वर्षं हेच काम माझ्या टेबलावर होतं. महसुलात कारकून म्हणून लागलो. अक्षर बरं, मराठी बरं, म्हणून भाषणाचं काम गळ्यात पडलं ते निवृत्तीपर्यंत सुटलं नाही. जिल्हाधिकाऱ्यांसाठी लिहिलं, आयुक्तांसाठी लिहिलं, ऐनवेळी पालकमंत्र्यांसाठीही लिहिलं. आस्थापनेच्या यादीत असं पद आमच्याकडं कधीच नव्हतं. साहेब म्हणायचे, "अहो, ते भाषणाचं तेवढं बघा." की झालं.

संध्याकाळी ग्रुपवर हे सांगितलं तर एक जुना मित्र म्हणाला, "भाषण ऐकतंय कोण? कशाला जीव जाळतोस?" म्हणून ही पोस्ट. ऐकतात. मी पाहिलंय.

गोदावरीच्या अलीकडं एक गाव आहे. तिथला एक जवान पोरगा निजामाच्या शेवटच्या काळात सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांना भाकरी आणि निरोप पोचवायचा. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, त्याला ओढ्याच्या काठावर गाठून मारलं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, घरच्यांना विचारल्याशिवाय टाकायचं नाही असं मी ठरवलंय. सरकारी कागदात तो कुठंच नव्हता. एका म्हाताऱ्या कोतवालाकडून मला कळलं, तेव्हा मी तलाठ्याला घेऊन त्या गावी गेलो. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, चपला हातात घेऊन उतरलो. त्या पोराच्या पुतण्यानं सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता हेही सांगितलं, की पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे याच ओढ्यातून बाजेवर न्यावं लागतं.

परत आल्यावर बांधकामच्या कार्यकारी अभियंत्यांना फोन लावला. पुलाचा प्रस्ताव आहे का, कुठं अडकलाय, सगळं विचारून घेतलं. आणि मग भाषणात दोन वाक्यं घातली. एक त्या पोराच्या नावाचं. दुसरं असं, "त्या गावाला आजही ओढा ओलांडून जावं लागतं. पुलाचा प्रस्ताव मी स्वतः पाहीन."

आमच्या वरिष्ठांनी दुसरं वाक्य लाल शाईनं खोडलं. म्हणाले, साहेबांच्या तोंडी आश्वासन घालू नका, उद्या तेच आपल्या गळ्यात येईल. आता हे म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. निधी नसताना बोललेलं वाक्य अधिकाऱ्याला बांधून टाकतं, मान्य. पण मी तो खोडलेला कागद तसाच साहेबांपुढं ठेवला. साहेब उत्तरेकडचे, नव्यानं आलेले. त्यांनी ते वाक्य ठेवलं. मला म्हणाले, या गावाचं नाव नीट म्हणून दाखवा. नावात 'ळ' होता. त्यांनी पेन्सिलनं त्या 'ळ'भोवती गोल केला आणि दालनात माझ्यासमोर बसून ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, जीभ बरोबर वळेपर्यंत. बाहेर व्हिजिटर बसलेले होते, तरी.

दुसऱ्या दिवशी मैदानात ते नाव उच्चारलं गेलं आणि मागच्या रांगेतली काही माणसं खुर्चीवरून उठून उभी राहिली. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर त्या पोराचा पुतण्या साहेबांच्या गाडीपाशी आला, "सायेब, आमच्या गावचं नाव घेतलाव तुमी." एवढंच. दुसरं काही मागितलं नाही.

मागणी नंतर आली. लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्या गावचा अर्ज आला. अर्जाला जोडलेलं काय, तर साहेबांच्या भाषणाची झेरॉक्स. ते वाक्य अधोरेखित केलेलं. त्या साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांच्यापुढंही तीच झेरॉक्स. मग त्यांच्यानंतरच्यांपुढंही. घड्या पडून पडून अक्षर पुसट झालं की पुन्हा झेरॉक्स. शेवटी पूल झाला. नळकांडी पूल आहे, फार मोठा नाही, पण झाला.

आता सांगा, भाषण कोण ऐकतं?

आपल्याकडं झेंडावंदन वर्षातून चार वेळा होतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट साऱ्या महाराष्ट्राचं, आणि 17 सप्टेंबर आपलं मराठवाड्याचं. देश 1947 ला मोकळा झाला आणि आपण आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात राहिलो. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा शिरल्या, 17 ला निजाम शरण आला. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावं प्रत्येक भाषणात येतात, यायलाच पाहिजेत. पण लढ्याच्या पैशासाठी लुटलेली उमरीची बँक कुठं येते? अर्जापूरला मारले गेलेले गोविंदराव पानसरे कुठं येतात? रझाकारांशी लढलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके? ज्या तालुक्यात उभं राहून बोलायचं, त्या तालुक्यातलं एकही नाव नसेल तर ते भाषण विदर्भात वाचा नाहीतर कोकणात वाचा, काय फरक पडतो?

आणि आणखी एक. आपल्या आज्या-पणज्यांनी सरकार उर्दूत ऐकलं. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, हुकूम उर्दूत. समन्स आलं तरी गावात वाचून दाखवणारा शोधावा लागायचा. 1937 साली परतूरला निजाम राज्यातल्या मराठी माणसांची महाराष्ट्र परिषद भरली ती काही हौसेखातर नव्हे. 1964 ला राजभाषा अधिनियम झाला आणि सरकार कायद्यानं मराठी झालं. आणि आज आपण त्याच लोकांपुढं काय वाचतो? "सदर योजनेअंतर्गत लाभार्थ्यांना लाभ अनुज्ञेय करण्यात येऊन उद्दिष्टपूर्ती साध्य करण्यात आली आहे." मराठीच आहे ना? मग त्या सोयाबीनवाल्याला कळू द्या की! "तुमच्या गावातल्या इतक्या घरांना पैसे मिळाले, इतक्यांचे राहिलेत, ते अमुक महिन्यापर्यंत देतो," एवढं लिहायला काय होतं?

मला ठाऊक आहे काय होतं. हे काम कसं चालतं ते बाहेरच्यांना दिसत नाही. पंधरा दिवस आधी सगळ्या विभागांना पत्र जातं, माहिती कालमर्यादेत पाठवा. आदल्या संध्याकाळपर्यंत निम्म्यांची येत नाही. कुणी गेल्या वर्षीचाच तक्ता पाठवतं, कुणी नुसतं 'निरंक' लिहून पाठवतं. मान्यवरांची नावं राजशिष्टाचाराच्या क्रमानं लावायची, एक नाव वर-खाली झालं तर रात्रीच फोन. आचारसंहिता असेल तर योजनांचं अवाक्षर काढायचं नाही. अक्षर मोठं ठेवायचं, वाक्य पानाच्या शेवटी तुटू द्यायचं नाही, नाहीतर साहेब पान उलटेपर्यंत मैदान ताटकळतं. कागद प्लास्टिकच्या फोल्डरात घालायचे, सप्टेंबर आहे. पालकमंत्री पोहोचेपर्यंत दुरुस्त्या चालूच.

आज ते भाषण ज्या पोरानं काढून दिलं असेल, त्याच्यावर माझा राग आहेही आणि नाहीही. मघाशी रागाच्या भरात तावातावानं लिहीत होतो, आता जरा शांत झालोय. त्याच्याकडं चार टेबलांचा चार्ज असणार. जागा रिकाम्या, भरती नाही. दिवसा पंचनाम्याच्या याद्या, रात्री भाषण. त्याला कुणी सांगितलंच नसेल की अरे, जिथं साहेब बोलणार तिथं आधी जाऊन ये. मला तरी कुठं कुणी सांगितलं होतं? तो म्हातारा कोतवाल भेटला म्हणून मी त्या ओढ्यात उतरलो.

पण बाबा रे, एक फोन तर करता आला असता. तालुक्यात काल किती मिलिमीटर पाऊस झाला ते तुझ्याच कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. आपलं महसूल मंडळ अतिवृष्टीत धरलंय की नाही हे तुला माझ्याआधी कळतं. तू पंचनाम्याच्या याद्या करतोस आणि भाषणात लिहितोस की शेतकरी आनंदात आहे! आणि साहेब, तुम्ही. खिडकीतून दिसतं ना पाणी? वाचता वाचता ते एक वाक्य गाळता आलं नसतं? त्या उत्तरेकडच्या माणसानं एका 'ळ'साठी दालनाचं दार बंद केलं होतं. तुम्ही तर इथलेच आहात.

वाक्य असं पाहिजे होतं, "तुमचं पीक पाण्यात आहे, मला माहीत आहे. कुणाकुणाची जमीन खरडून गेली आहे. पंचनामे अमुक तारखेपर्यंत पूर्ण होतील. तलाठी आला नाही तर या नंबरवर मला फोन करा." बस. याच्यापुढं दुसरं काही वाचलं नसतं तरी चाललं असतं.

तर मित्रांनो, एक काम करू. पुढचं झेंडावंदन 26 जानेवारीला आहे. आपापल्या गावात मुक्तिसंग्रामात कोण मारलं गेलं, कोणी कॅम्पला भाकरी पोचवली, कुणाचं घर जाळलं, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि मला कळवा. गाव, तालुका, नाव, काय घडलं. नक्की असेल तर नक्की म्हणा, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. घरच्यांची परवानगी आधी घ्या. मी तालुकावार टाइप करून देतो, डिसेंबरअखेर प्रत्येक तहसीलमध्ये स्वतः नेऊन पोच घेतो. आणि भाषण लिहिणाऱ्या त्या पोराला चहा पाजून सांगतो, की कुठल्या गावाला अजून पूल नाही, ते कुणाला विचारायचं.